मागच्या भिंतीजवळचा वाफा

"तिथे नको गं," सासूबाई म्हणाल्या होत्या. "पुढे लाव हवं तर, पायरीपाशी लाव. त्या भिंतीजवळ काही लावू नकोस."

मी नवी कुदळ हातात धरून परसात उभी होते. दांड्यावर दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली होती.

"का?"

"तिथे काही जगत नाही."

"जगत नाही म्हणजे काय, आई?"

"जगत नाही म्हणजे जगत नाही. आता त्याला काय सांगू?"

एवढं बोलून त्या आत गेल्या आणि मी कुदळ मारली. त्यांच्या 'नको'ची मला सवय झाली होती. पंखा इतका मोठा नको, बाळाला एवढ्यात उभं करायला नको, खिडकीपाशी झोपवायला नको. कारण विचारलं की 'आता त्याला काय सांगू'. मी वनस्पतिशास्त्र घेऊन पदवी मिळवलेली, जोडीला दोन वर्षं रसायनशास्त्र, आणि आयुष्यात स्वतःच्या हाताने एक काडी लावलेली नव्हती. मुळाचा उभा छेद मला डोळे मिटून काढता यायचा, पण खऱ्या मुळाला किती पाणी लागतं ते ठाऊक नव्हतं. म्हणूनच असेल, त्यांच्या त्या बोलण्यात मला टोमणा ऐकू आला. तुझ्या हाताला काही यायचं नाही, असा.

माझा मुलगा तेव्हा सव्वा वर्षाचा होता. घरात त्याला सगळे बोका म्हणतात, कारण दूध प्यायला की ओठांवर मिशा उमटतात आणि तो त्या पुसू देत नाही. तो वरचं खायला लागला तशी माझी झोप उडाली. बाजारातल्या भाजीवर काय काय फवारतात ते मी वाचत सुटले. पालक आणला की मिठाच्या पाण्यात, मग साध्या पाण्यात, मग पुन्हा साध्या पाण्यात. नवरा नगरपालिकेत पाण्याचे मीटर तपासतो. तो म्हणायचा, "त्या पालकाच्या तीन आंघोळी होतात. मी एकदा जास्त पाणी घेतलं तर तू दार वाजवतेस."

"पालकाला औषध मारलेलं असतं. तुला नाही."

"मारून बघ एकदा. उंची तरी वाढेल."

तेव्हा ठरवलं, घरचं लावायचं. निदान बोक्याच्या पोटात जाईल ते तरी.

आमचं परस म्हणजे आठ-दहा खाटा शेजारी शेजारी टाकल्या तर भरेल एवढं. एका बाजूला धुणं वाळतं, एका बाजूला जुन्या पत्र्याची खोली, तिच्यात मोडकं सामान. बाकी सगळीकडे रानगवत. फक्त मागच्या भिंतीजवळ, खोलीच्या दारापासून कोपऱ्यापर्यंत, जमीन उघडी. माणसाला टक्कल पडावं तशी, कड एकदम ठळक. गवताची पातीसुद्धा नाही. पण दिवसभर ऊन असतं ते तिथेच. पायरीपाशी दहानंतर सावली. पुस्तकात लिहिलं होतं, पालेभाजीला पाच-सहा तास ऊन हवं. मग दुसरी जागा होतीच कुठे?

पहिल्या खेपेला पेरलेलं उगवलं आणि आठवड्यात पिवळं पडून झोपलं. दुसऱ्या खेपेला उगवलंच नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत, आणि त्यांचं न बोलणं मला जास्त लागलं. मग मी अभ्यासाला बसले. माती तपासायच्या कागदी पट्ट्या मागवल्या. पेलाभर पाण्यात माती कालवली, निवळू दिली, पट्टी बुडवली. ती नारिंगी झाली. डबीवरच्या तक्त्यात तो रंग चारच्या घरात होता; चांगली माती सहा-सातच्या घरात असते. इतकी आंबट माती मी प्रयोगशाळेतसुद्धा पाहिली नव्हती.

मला आनंद झाला. हे खरं सांगायला हवं. निदान सापडलं असं वाटलं.

रोपवाटिकेवाल्याकडे चुना आणायला गेले तेव्हा त्याने विचारलं. "चार? बाई, काय ओतलंय तिथे?"

"काही नाही हो. जुनं घर आहे."

"जुन्या घराची माती आंबत नाही. ती काय ताक आहे?" तो हसला, मीही हसले. त्याने मोठी पिशवी दिली, वर शेणखत घ्यायला लावलं. माती आंबट का झाली, हा प्रश्न त्याच्या तोंडून माझ्यासमोर येऊन उभा राहिला होता. मला घाई होती ती कशी सुधारायची याची.

या सगळ्यात माझ्या बरोबरीने राबले ते भाऊजी. नवऱ्याचे थोरले भाऊ. बेचाळीस वर्षांचे. लहानपणी ताप डोक्यात गेला आणि ते मागे राहिले, एवढंच मला लग्नाआधी सांगितलं होतं. त्यांना घड्याळ कळत नाही, सुटे पैसे कळत नाहीत, अनोळखी माणूस आला की ते पत्र्याच्या खोलीमागे जाऊन उभे राहतात. पण त्यांना एकदा दाखवलं ते विसरत नाहीत. मी हात दाखवून सांगितलं, भाऊजी, इतकं खोल. त्यांनी सगळा वाफा तेवढा खोल खणला, हाताने मोजून मोजून. ढेकळं फोडली, चुना कालवला. खणताना काळ्या, कडक कवच्यांसारखे तुकडे निघाले, कशाचे तरी फुटलेले खोके असावेत तसे. ते त्यांनी एका बाजूला नीट रचून ठेवले.

"टाकू?" त्यांनी विचारलं.

"नको, राहू देत. कुंडीच्या तळाला लागतील." पुस्तकात होतं, पाण्याचा निचरा व्हायला तळाशी खापऱ्या घालाव्यात. आमच्याकडे खापऱ्या नव्हत्या, आणि हे आयते मिळाले होते.

तिसऱ्या खेपेला उगवलं, आणि मग थांबलंच नाही. पालक असा आला की पानं माझ्या पंजाएवढी. मुळे आले, गाजरं आली. पहिला मुळा उपटला तेव्हा भाऊजी त्याच्याकडे बघून म्हणाले, "उंदीर." आणि तो शेपटीला धरून घरभर फिरवून आणला. बोका त्यांच्या मागे धावत "उंदी, उंदी" करत. मी त्याच्या शब्दांची यादी फ्रिजच्या दारावर लावली होती, तारखेसकट. 'उंदी' हा एकोणतिसावा शब्द.

सासूबाई कंबरेवर हात ठेवून वाफ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या तोंडावर काय होतं ते मला तेव्हा वाचता आलं नाही.

"जगलं की नाही, आई?" मी म्हणाले.

"जगलं खरं."

"तुम्ही उगाच घाबरवत होता."

"मी कुठे घाबरवलं. मी आपलं बघितलं ते सांगितलं." मग त्या वाकल्या, एक पान खुडलं, नुसतंच चावून बघितलं. "गोड आहे," म्हणाल्या.

ती माझी जीत होती, असं मी त्या दिवशी धरलं. आता वाटतं, त्या जागेला बोलायची एकच तऱ्हा ठाऊक होती, काही उगवू न देणं. मी तिच्या तोंडात चुना कोंबून तिला गप्प केलं.

शेजारच्या भाड्याच्या खोलीत एक शिवणकाम करणारी ताई राहायची. उंच, काटकुळी. टाचण्या ओठांत धरून बोलायची सवय, त्यामुळे तिचं अर्धं बोलणं अंदाजाने समजून घ्यावं लागायचं. तिची मुलगी तेव्हा पाच-सहा महिन्यांची होती. ताई कुंपणावरून डोकावायची.

"वहिनी, हे काय, रान माजवलंत."

"ने ना. आमच्याने संपत नाही."

"फुकट नको. तुमचे पडदे किती दिवस तसेच लोंबतायत, कड मारून देते. पडदे बघूनच लोकांना वाटतं घर भाड्याने द्यायचंय."

असं आमचं सुरू झालं. ती कडा मारून द्यायची, मी पालक द्यायचे. तिची मुलगी वरचं खायला लागली तेव्हा मीच शिकवलं, पालक उकडायचा, गाळणीतून घासायचा, मऊ भातात कालवायचा. "आणि तीनदा धू," मी बजावलं. ती म्हणाली, "तुमच्या घरचाच आहे, त्याला कशाला धुवायचं? औषध थोडंच मारता तुम्ही."

तिच्या नवऱ्याचं काम सुटलं आणि त्यांनी दुसऱ्या गावी जायचं ठरवलं, तेव्हा ती पालकावरून हळहळली. रंगाच्या रिकाम्या बादल्या पडल्या होत्या, पांढऱ्या. मी आणि भाऊजींनी चार बादल्यांना खालून भोकं पाडली, तळाला ते काळे तुकडे घातले, वर वाफ्यातली माती गच्च भरली, पालक लावून दिला. टेम्पोत तिने आधी बादल्या चढवल्या, मग शिलाईचं यंत्र. "हे दोन्ही नीट पोचलं की संसार पोचला," म्हणाली. मुलगी तिच्या खांद्यावर झोपली होती. नऊ महिन्यांची. मी तिच्या तळपायाला हात लावला.

बोक्याचं बिनसलं ते त्याच सुमारास. आधी पोट. चार चार दिवस शी व्हायची नाही, मग पोट धरून रडायचा, पाय आखडून घ्यायचा. जेवायला बसवलं की ताट ढकलायचा. मी वहीत लिहीत होते: किती खाल्लं, किती झोपला, कधी रडला. नवरा म्हणाला, दात येत असतील. सासूबाईंनी ओव्याने पोट शेकलं. आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, म्हणाले हिमोग्लोबिन फार कमी आहे, लोहाचं औषध देतो. आणि घरचं काय देता?

"पालक. रोज. परसातला."

"उत्तम. वाढवा."

मी वाढवला. सकाळ-संध्याकाळ दिला. नाही म्हणाला तर मांडीत दाबून, गाल धरून दिला. मी तसाच दिला होता.

मग शब्द जायला लागले. पहिल्यांदा मला वाटलं, आळशीपणा करतोय. चौतीस झाले होते ते पुढे सरकेनात. मग एक दिवस मुळा दाखवला आणि विचारलं, हे काय रे? तो मुळ्याकडे बघत राहिला. भाऊजी शेजारून म्हणाले, "उंदीर, उंदीर." तो त्यांच्याकडेही तसाच बघत राहिला. जे शब्द त्याने आठवडाभरात एकदाही उच्चारले नाहीत त्यांच्यावर मी त्या रात्री यादीत काट मारली. अकरा उरले. 'आई' उरला होता.

मुलांच्या मोठ्या इस्पितळात गेलो तेव्हा सासूबाई हट्टाने बरोबर आल्या. तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी माझी वही शांतपणे पहिल्या पानापासून वाचली. असं आजवर कोणी केलं नव्हतं. मग विचारलं, "हा माती खातो का?"

"थोडीफार. सगळीच मुलं खातात ना? मातीत खेळलेलं चांगलं, असं मी वाचलं होतं."

"घरात जुना रंग सुटतोय का? कल्हईची भांडी? मिस्टर काय करतात?"

मी सांगितलं. मीटर वगैरे.

"आणि त्यांच्या आधी? घरात कोणाचा काही धंदा?"

मी नाही म्हणणार होते. सासूबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बोक्याची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ह्यांचं बॅटऱ्यांचं काम होतं. ट्रकच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचे."

"ते दुकान मोठ्या रस्त्यावर होतं," मी म्हणाले. मला तेवढंच ठाऊक होतं. सासरे मी घरात यायच्या आधीच गेले. दुकानाची पाटी अजून माळ्यावर आहे.

"ते नंतर," सासूबाई म्हणाल्या. "धाकट्याच्या वेळी मला दिवस गेले तेव्हा दुकान घेतलं. त्याच्या आधी आठ वर्षं घरीच. परसात."

"परसात कुठे, आजी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मागच्या भिंतीपाशी. खोके फोडायचे, आतल्या पट्ट्या खरवडायचे, शिसं वितळवायचे. आतलं पाणी तिथेच ओतायचे, भिंतीच्या कडेला. ते पाणी फार वाईट. माझ्या दोन साड्या जाळल्या त्याने. मी कोंबड्या पाळल्या होत्या, त्या मेल्या. वेल लावला, तो मेला. तिथे काही जगत नाही म्हणून सांगितलं होतं मी हिला."

त्या माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. डॉक्टरीणबाईंना माहिती देत होत्या, शाळेत उत्तर द्यावं तशी.

रक्ताचा अहवाल दुसऱ्या दिवशी आला. शिशाचं प्रमाण पाचच्या पुढे गेलं तरी काळजी करतात. बोक्याचं बावन्न होतं. त्याला तिथेच ठेवून घेतलं. शिसं बाहेर काढायचं औषध असतं, कुजक्या अंड्यासारखा वास येतो त्याला. मी त्याला ते मांडीत दाबून, गाल धरून पाजत होते. मला हेच करता येत होतं.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समजावून सांगितलं. रक्तातलं उतरेल, वेळ लागेल. मेंदूवर जे झालं असेल ते कितपत भरून येईल हे आज सांगता येणार नाही, थांबून बघावं लागेल. लहान मुलांना ते मोठ्यांपेक्षा फार जास्त बाधतं, कारण त्यांचं सगळं अजून घडत असतं. पोट दुखतं, रक्त कमी होतं, चिडचिड होते, बोलणं मागे पडतं, शिकणं मागे पडतं.

सासूबाई ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "तापाने होतं तसंच?"

"म्हणजे?"

"म्हणजे ताप डोक्यात गेल्यावर होतं तसं. मुलगा मागे राहतो."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या आधी सासूबाईच पुढे म्हणाल्या, "माझा थोरला आहे. तो तिथेच खेळायचा. हे कामाला बसायचे तेव्हा त्यांच्या पायाशी बसलेला असायचा. माती खायचा. माती खातो म्हणून मी त्याच्या तोंडात मिरची घातली होती."

"किती वर्षांचे आहेत ते?"

"बेचाळीस."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "त्यांचंही रक्त तपासून घेऊ," म्हणाल्या. "पण इतक्या वर्षांनी लहानपणाचं काही ठामपणे सांगता येत नाही, आजी."

"नाही, तपासा," सासूबाई म्हणाल्या. "मला फक्त कळू दे."

सगळ्यांचं तपासलं. माझं, नवऱ्याचं, सासूबाईंचं थोडं थोडं वाढलेलं. भाऊजींचं एकतीस. ते रोज खणत होते, हात न धुता भाकरी खात होते. आणि आम्ही तपासायला दिलेल्या मातीच्या पिशवीचा अहवाल आला: मुलं खेळतात त्या मातीत जेवढं शिसं चालतं त्याच्या पंचवीसपट. भिंतीच्या मुळाशी त्याहून जास्त.

घरी आल्यावर नवऱ्याने पहिल्यांदा तोंड उघडलं ते वडिलांसाठी. "बाबांना काय ठाऊक होतं? तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. आयुष्यभर हात जाळून घेतले त्यांनी, आपल्याला हे घर दिलं."

"मी त्यांना काही म्हणाले का?"

"म्हणत नाहीयेस, पण तुझं तोंड म्हणतंय."

"माझं तोंड मलाच म्हणतंय," मी म्हणाले. "चुना मी घातला. आंबटपणा गेला, शिसं तसंच राहिलं."

सासूबाई भाऊजींची नखं काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्यांना ठाऊक होतं."

"कोणाला?"

"तुझ्या बाबांना. दुकानाला जागा घेतली ती कशाला? मी म्हटलं घरी चाललंय ते बरं आहे, भाडं कशाला भरायचं. तर म्हणाले, पुढचं मूल इथे नको वाढायला. मी विचारलं का, तर म्हणाले..." त्या थांबल्या. भाऊजींचं बोट त्यांनी तसंच धरून ठेवलं होतं. "म्हणाले, आता त्याला काय सांगू."

नवरा उठून बाहेर गेला. भाऊजींनी विचारलं, "आई, दुसरा हात?" आणि सासूबाईंनी दुसरा हात घेतला.

त्यानंतरचे महिने मी भिंतीला डोकं लावून काढले असं म्हणणार नाही, कारण तेवढी सवड नव्हती. पालिकेची माणसं येऊन मापं घेऊन गेली आणि परत आली नाहीत. शेवटी नवऱ्याने आणि त्याच्या दोन सोबत्यांनी तोंडाला फडकी बांधून वरची माती पोत्यांत भरली. ती पोती घ्यायला कोणी तयार होईना. पत्र्याच्या खोलीत रचून कुलूप लावलं आहे. वाफ्यावर सिमेंट ओतलं. भाऊजी अजूनही रोज सकाळी बादलीभर पाणी घेऊन जातात आणि सिमेंटपाशी उभे राहतात. त्यांना कसं सांगायचं ते आम्हाला कळत नाही. पाणी पायरीपाशी ओतून मी त्यांना आत आणते.

बोका आता अडीच वर्षांचा आहे. औषधाचे तीन फेरे झाले, आकडा एकवीसवर आला, पुढे हळूहळू उतरेल म्हणतात. सतरा शब्द आहेत. दोन शब्द जोडून बोलायला त्याने मागच्या वर्षीच सुरुवात करायला हवी होती. बाकीची मुलं बागेत घसरगुंडीवर रांग लावतात तेव्हा तो रांगेत मधेच बसून घेतो. मी त्याच्याकडे बघते आणि मग भाऊजींकडे बघायचं टाळते. सासूबाईंना हे कळतं. त्या मला काही बोलत नाहीत. इस्पितळातल्या पहिल्या दिवसांत मी नातेवाइकांना फोन करून सांगत होते की आईंनी सांगितलं नाही, आईंना सगळं ठाऊक होतं. त्या शेजारी बसून ऐकत होत्या. डॉक्टरीणबाईंना सांगितलं ते सोडलं तर त्यांनी एकदाही म्हटलं नाही की मी सांगितलं होतं.

ताईच्या बादल्या मला आठवल्या त्या बोक्याला घरी आणल्यावर, तिसऱ्या दिवशी. पडदा ओढताना कडेच्या शिवणीवर हात गेला आणि मी तिथेच खाली बसले. चार बादल्या. वाफ्यातली माती, गच्च भरून. तळाला बॅटरीच्या खोक्यांचे तुकडे, शिशाचा चुरा तसाच चिकटलेला. मीच वरून थोपटलं होतं. आणि नऊ महिन्यांची रांगायला लागलेली मुलगी, जिला बादलीला धरून उभं राहायला येणार होतं.

तिचा नंबर बंद लागतो. खोलीच्या मालकाकडे गेले, त्याच्याकडे मागच्या भाडेकरूंचा कागद नाही. तिच्या नवऱ्याचं आधीचं काम होतं तिथे गेले. तिथल्या कारकुनाने गावाचं नाव सांगितलं, त्या गावात मी दोनदा जाऊन आले. शिवणकामाची सगळी दुकानं धुंडाळली. एकीने सांगितलं, अशी एक बाई महिनाभर काज-बटणं करायला येत होती, मग पुन्हा कुठेतरी गेली. मुलगी बरोबर असायची का, मी विचारलं. असायची, म्हणाली. रडकी होती फार. सारखं पोट धरायची.

त्या वाक्यानंतर मी काय केलं ते आठवत नाही. घरी आले एवढं खरं.

आता त्या मुलीला एकोणीस महिने होत आले असतील. तुमच्या इमारतीत, तुमच्या गल्लीत, गेल्या वर्षभरात कोणी शिवणकाम करणारी राहायला आली आहे का ते बघा. उंच, काटकुळी, टाचण्या ओठांत धरून बोलणारी. गच्चीत किंवा दाराशी रंगाच्या पांढऱ्या बादल्या, त्यांत पालक. असेल तर फोनवर भागवू नका, दार वाजवा. ती म्हणेल पालक तर छान येतोय, मुलगी जरा अशक्त आहे एवढंच, डॉक्टरांनी पालक वाढवायला सांगितलाय. तरी बादल्या तिथून हलवायला लावा, मातीला हात न लावता. आणि मुलीला घेऊन तुम्ही स्वतः जा तिच्याबरोबर. रक्तातलं शिसं तपासा म्हणून सांगा, नुसतं हिमोग्लोबिन नाही. आणि मुलगी काही बोलते का, किती शब्द बोलते, तेही तिला विचारा.